मेक्सिकोत भावाकडे पहिल्यांदा जाताना: आई, पोरं आणि फराळाच्या डब्यासकट

माझा धाकटा भाऊ सहा वर्षं झाली मेक्सिकोत बुसेरियास नावाच्या गावात राहतो. पॅसिफिकच्या काठावर, नायारित राज्यात, बांदेरासच्या उपसागरावरचं हे गाव. बायको तिथलीच, दोन लहान पोरं. २०२४ च्या दिवाळीत आम्ही पहिल्यांदाच सगळे गेलो, मी, नवरा, आमची दोन मुलं आणि आई, वय ७१. सतरा दिवस राहिलो. जायच्या आधी मी खूप शोधलं पण जे मिळालं ते सगळं हॉटेल, रिसॉर्ट, कुठे फोटो काढायचे असलं. आम्ही तर माणसांच्या घरी राहायला चाललो होतो, त्याची तयारी वेगळीच असते. आता ओळखीतले दोघंतिघं विचारतायत म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी कधी जायचं ते. जून ते ऑक्टोबर तिकडे पाऊस, दमट उकाडा, वादळांचा सीझन. नोव्हेंबर ते मे कोरडं. डिसेंबर ते मार्च त्या उपसागरात हंपबॅक व्हेल येतात, तेव्हा टुरिस्टही खूप आणि तिकिटं महाग. मला विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर हिरवेगार असतात, आणि १-२ नोव्हेंबरला त्यांचा मृतांचा दिवस असतो. आमच्या वेळी तर असं जुळलं की १ तारखेला लक्ष्मीपूजन, २ ला पाडवा आणि ३ ला भाऊबीज. सहा वर्षांनी भावाला समोर बसवून ओवाळलं.

व्हिसाचं नीट वाचा कारण इथेच लोक अडकतात. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, युके, जपान किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) चालू व्हिसा असेल तर पर्यटक म्हणून मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. माझ्याकडे, नवऱ्याकडे आणि मुलांकडे अमेरिकेचा होता, आईकडे काहीच नव्हतं, म्हणून आईचा दिल्लीच्या एम्बसीतून काढला. आता गंमत बघा, आईकडे अमेरिकेचा व्हिसा नाही म्हटल्यावर अमेरिकेतून जाणारी सगळी तिकिटं बाद, कारण तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. युरोपमार्गे गेलात तरी काही देशांत आपल्या पासपोर्टला एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागतो. आमच्या एजंटने "काही लागत नाही" असं बिनधास्त सांगितलं होतं, ते मी एअरलाइनकडे लेखी विचारलं तेव्हा कळलं की त्या मार्गाने आईला लागणार होता, मग रूट बदलला. म्हणजे घरातल्या ज्या माणसाकडे सगळ्यात कमी व्हिसे आहेत त्याच्या पासपोर्टवरून तिकीट ठरवा, बाकीचे आपोआप बसतात. आणि ज्यांच्याकडे चाललाय त्यांचा पत्ता, फोन नंबर, त्यांच्या रेसिडेंट कार्डाची झेरॉक्स आणि परतीचं तिकीट हे कागदावर जवळ ठेवा, मोबाईलमध्ये नको. इमिग्रेशनवाल्याने आम्हाला तेवढंच विचारलं, कुणाकडे, किती दिवस, परत कधी.

मेक्सिको सिटीला उतरून पुढे प्वेर्तो वायार्ताचं, म्हणजे भावाच्या गावाजवळच्या शहराचं, विमान घ्यायचं असेल तर मध्ये चार तास तरी ठेवा. सामान पुढच्या विमानात आपोआप जात नाही, तिथेच घेऊन कस्टम करून परत द्यावं लागतं, आणि दोन टर्मिनल एकमेकांपासून लांब आहेत. शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षा नऊशे मीटर वर, त्यामुळे बॅगा ओढताना दम लागतो. आईसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ती चालते व्यवस्थित, पण व्हीलचेअरवाला माणूस सगळ्या रांगांमधून स्वतः घेऊन जातो, भाषेची भीती उरत नाही.

आता सामान. फराळ नेणारच, त्याशिवाय आपली पावलं घराबाहेर पडत नाहीत. पण अनारसे नेऊ नका! खसखस मेक्सिकोत आणायला बंदी आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून. मला हे निघायच्या दोन दिवस आधी भावाने फोनवर सांगितलं तेव्हा आईचे अनारसे तळून झाले होते, ते शेजारी वाटले. ताजी फळं, कढीपत्ता, पेरायचं बी, मांस हेही नको. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, चिवडा हे आम्ही नेलं आणि फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ लिहिलं. बॅग उघडली त्यांनी. फराळाकडे बघून सोडलं, पण मसाल्याच्या घरी बांधलेल्या पुड्या, ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही, त्या एकेक उघडून वास घेऊन बघितल्या, त्यात वीस मिनिटं गेली. गोडा मसाला, हळद, हिंग जे न्यायचं ते कंपनीच्या सीलबंद पाकिटातच न्या. औषधांचंही तसंच, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत हवी, आणि सर्दीच्या गोळ्यांवर काय लिहिलंय ते वाचा, स्युडोएफेड्रिन असलेली औषधं मेक्सिकोत चालत नाहीत.

मिक्सर नेऊ नका. तिकडे वीज १२७ व्होल्टची, आपली उपकरणं चालतच नाहीत धड. पिना अमेरिकेसारख्या चपट्या, मोबाईलच्या चार्जरला नुसता अडॅप्टर पुरतो.

भेटवस्तूंचं मी बरंच डोकं खाल्लं होतं भावाचं. शेवटी सगळ्यात आवडली ती आईने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी, भाचीने पहिल्या रात्रीपासून तीच घेतली. आणि दुसरं म्हणजे चिंचेच्या गोळ्या. तिकडची पोरं चिंच-तिखट-मीठ-साखर अशा वड्यांवरच वाढतात, आंब्यावर, काकडीवर, अननसावर तिखट-मीठ-लिंबू मारून खातात, त्यामुळे चॉकलेटं नेण्यापेक्षा आपल्या चिंचेच्या गोळ्या, आवळा सुपारी, आंबापोळी न्या.

वायार्ताच्या विमानतळावर एक लक्षात ठेवा. कस्टमच्या दारातून बाहेर पडलं की एक हॉल लागतो, तिथे सूटबूट घातलेली माणसं "टॅक्सी? तुमची गाडी इथे आहे" करत अडवतात. ते टॅक्सीवाले नसतात, टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधली दरवर्षी ठरावीक दिवसांची राहण्याची सोय, विकणारे असतात. मान खाली घालून सरळ बाहेर. भाऊ बाहेर उभा होता म्हणून आम्हाला प्रश्न आला नाही, पण कुणी न्यायला येणार नसेल तर आतल्या टॅक्सीपेक्षा हायवेवरचा पादचारी पूल ओलांडून पलीकडे गाडी केलेली स्वस्त पडते, बुसेरियासच्या बसही तिथूनच मिळतात. विमानतळ हालिस्को राज्यात, मध्ये आमेका नदी ओलांडली की नायारित. ट्रॅफिक नसेल तर अर्धा-पाऊण तास.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, पहिले तीन दिवस काहीही ठरवू नका. वेळेत साडेअकरा तासांचा फरक आहे, तिकडे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, थोडक्यात दिवसाची रात्र. मी दुसऱ्याच दिवशी बोटीची ट्रिप बुक केली होती, सुट्टी कमी आहे म्हणून. आई बोटीत पिवळी पडली, उलट्या झाल्या, पुढचे दोन दिवस झोपूनच. भाऊ काही बोलला नाही पण मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाला नातवंडांच्या जवळ बसायचं होतं तिला मी पाणी बघायला नेलं. तेव्हा पोहोचल्यावर नुसतं घरात बसा. सकाळी अंगणात चहा, पोरांना एकमेकांची ओळख होऊ द्या, संध्याकाळी किनाऱ्यावर चालून या. किनारा पश्चिमेला, सूर्य समुद्रातच बुडतो आपल्या कोकणासारखा. आणि गाव साधारण अकोल्याच्या अक्षांशावर, त्यामुळे ऊनही ओळखीचंच, फक्त वाळूवरून परत तोंडावर येतं. टोपी, पूर्ण बाह्यांचं कॉटन.

घरातले नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्या, लाजू नका. नळाचं पाणी प्यायचं नाही, दात घासतानाही मुलांना सांगावं लागतं. प्यायचं पाणी वीस लिटरच्या जारमधून, त्याला गाराफोन म्हणतात, माणूस गल्लीतून ओरडत येतो. टॉयलेट पेपर बहुतेक घरांत कमोडमध्ये टाकत नाहीत, बाजूच्या डब्यात टाकतात, पाइप अरुंद असतात म्हणून. चप्पल-बूट घालायच्या आधी झटकायचे, विंचू असतात त्या भागात. डासांसाठी ओडोमॉस न्याच, डेंग्यू तिकडेही आहे. आवाजांचीही सवय होते, गॅसची गाडी गाणं वाजवत येते, आणि भंगारवाला तर रेकॉर्ड लावून फिरतो, गाद्या, फ्रिज, स्टोव्ह, वॉशिंग मशीन, जुनं लोखंड विकत घेतो म्हणून. आईने तो आवाज ऐकला आणि शब्द कळायच्या आधीच म्हणाली, "हा रद्दीवाला ना?"

जेवणाचं वेळापत्रक आपल्याहून वेगळं. मोठं जेवण दुपारी दोन ते चारच्या मध्ये, रात्री हलकं. आईला डायबेटिसची गोळी असल्यामुळे आम्ही एक वाजता तिला थोडं काहीतरी द्यायचो.

शाकाहारी असाल तर नीट ऐका. आई शाकाहारी आहे. "सोय वेखेतारियाना" म्हटलं की लोक मान डोलवतात आणि चिकन आणून ठेवतात, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या डोक्यात लाल मांस. म्हणून पूर्ण म्हणायचं, "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो", मटण नाही, चिकन नाही, मासे नाही. पुरुषाने म्हणताना वेखेतारियानो. शिवाय घेवड्याच्या उसळीत, म्हणजे फ्रिहोलेसमध्ये, बऱ्याचदा डुकराची चरबी असते, तेव्हा "सिन मांतेका?" विचारायचं, आणि भातही कधी कधी चिकनच्या पाण्यात शिजवतात. बाहेर हे सगळं विचारावं लागतं, घरी मात्र भावाच्या सासूबाईंनी आईसाठी वेगळं भांडं काढून ठेवलं होतं, कुणी न सांगता.

आणि आईला तिकडे उपास अजिबात जड गेला नाही. रताळी, शेंगदाणे, राजगिरा हे सगळं मूळ अमेरिका खंडांतलंच. राजगिऱ्याच्या वडीला तिकडे आलेग्रिया म्हणतात, आलेग्रिया म्हणजे आनंद, अगदी आपल्या राजगिरा चिक्कीची बहीण. शेंगदाण्याची चिक्कीही मिळते. पेरू, पपई, सीताफळ, चिकू बाजारात ढिगाने. आठवडी बाजाराला तियांगीस म्हणतात, तिथे आईला सोडा आणि तासभर मागे मागे फिरा. तिने टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबं हात लावून निवडली, विकणारी बाई स्पॅनिशमध्ये, ही मराठीत, हिशोब बोटांवर. निवडुंगाची पानं काटे काढून भाजीला विकतात, नोपाल, ती तव्यावर परतून मिठ-लिंबू घालून खाऊन बघा, भेंडीसारखी बुळबुळीत पण छान. आणि नायारितमध्ये फणस पिकतो, याका म्हणतात, सान ब्लासच्या बाजूला रस्त्याकडेला गरे काढून पिशव्यांत विकतात! माझे सासर देवगडकडचं, नवरा गाडी थांबवून तीन पिशव्या घेऊन आला.

मासे खाणाऱ्यांनी पेस्कादो सारांदेआदो सोडू नका. मासा मधून उभा उघडून मिरचीचा मसाला लावून निखाऱ्यावर भाजतात, नायारितची खासियत. वायार्ताच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर तुबा विकणारे दिसतात, माडाचा रस, वरून शेंगदाणे आणि सफरचंदाचे तुकडे. फिलिपिन्सहून शेकडो वर्षांपूर्वी गलबतांबरोबर ही विद्या तिकडे गेली. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले नीराच आहे.

पोळीचं काय, हा प्रश्न सगळ्या आया विचारतात. मक्याची तोर्तिया गल्लीतल्या तोर्तियेरियात किलोवर मिळते, गरम, कागदात गुंडाळून. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, म्हणून तो वेगळा वास. भावाच्या सासूबाई कोमालवर, म्हणजे तव्यावरच, हाताने थापलेल्या करतात. एका सकाळी आई शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने पिठाचा गोळा घेऊन भाकरीसारखा थापला, टम्म फुगली. सासूबाईंनी टाळी वाजवली. त्यानंतर रोज दोघी ओट्यापाशी, एक शब्द कॉमन नाही आणि तासन् तास.

शब्दांवरून आठवलं, भाषेची फार भीती बाळगू नका. स्पॅनिशमधले त, द, र हे आपल्या मराठीसारखेच आहेत. नियम तीनचार लक्षात ठेवले की पाट्या वाचता येतात: जे (J) ला ख किंवा ह म्हणायचं, दोन एल ला य, एच म्हणायचाच नाही. पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आलेले शब्दही भेटतात, पागार म्हणजे पैसे देणे, आपला पगार. पान म्हणजे पाव, त्यामुळे आईला कुणी पान देऊ का विचारलं की ती विड्याचं समजायची. नातेवाईकांचं तर बघाच, इंग्रजीत व्याह्यांना शब्द नाही पण स्पॅनिशमध्ये आहे, कॉन्स्वेग्रोस. साडूलाही आहे, कॉनकुन्यो. भावाने हे समजावलं तेव्हा त्याच्या सासूबाई आईला म्हणाल्या "कॉन्स्वेग्रा" आणि आई म्हणाली "विहीणबाई", मग पुढे दोघी एकमेकींना तेच म्हणायला लागल्या.

शिष्टाचार थोडे. दुकानात, घरात, रिक्षासारख्या छोट्या गाडीत कुठेही शिरताना आधी "ब्वेनोस दियास", दुपारनंतर "ब्वेनास तार्देस". न बोलता सरळ कामाचं बोलणं उद्धट वाटतं. कुणी जेवत असेल आणि तुम्ही शेजारून गेलात तर "प्रोवेचो" म्हणायचं, अनोळखी असले तरी. मोठ्यांनी हाक मारली की मुलं "मांदे?" म्हणतात, म्हणजे आज्ञा करा, ते आमच्या मुलांनी उचललं. भेटताना गालाला गाल लावतात, आईने मात्र सरळ नमस्कार केला आणि सगळ्यांना तोही आवडला, जबरदस्ती कुणी करत नाही. आणि "आओरिता" म्हणजे आत्ता असा अर्थ डिक्शनरीत असला तरी तो पाच मिनिटं ते संध्याकाळ काहीही असू शकतो, त्यावर चिडू नका.

पैसे: पेसोलाही डॉलरचंच चिन्ह लिहितात, बोर्डावर २०० बघून दचकू नका. एटीएम बँकेच्या आतलं वापरा आणि स्क्रीनवर "आमच्या दराने कन्व्हर्ट करू का" आलं की नाही म्हणा, हो म्हटलं की दर वाईट लागतो. जेवणाच्या हॉटेलात दहा ते पंधरा टक्के टिप. सुपरमार्केटात पिशव्या भरून देणारे बहुतेक म्हातारे आजोबा-आजी असतात, त्यांना पगार नसतो, टिपवरच असतात, त्यांना द्याच.

समुद्रात उतरताना झेंडा बघा. हिरवा ठीक, पिवळा जपून, लाल धोका, काळा म्हणजे अजिबात नाही. तिकडच्या लाटा ओढतात. मुलांना कासवं दाखवा, ऑलिव्ह रिडलेच, आपल्या वेळासला असतात तीच. संध्याकाळी पिल्लं सोडतात, हाताला क्रीम किंवा डासाचं मलम लावलेलं असेल तर हात लावू देत नाहीत.

शेवटी त्या मृतांच्या दिवसाबद्दल, कारण तुम्ही त्या सुमारास गेलात तर घरातल्याच वेदीपाशी बसाल. झेंडू तिकडचा, सेंपासुचिल म्हणतात, आणि बाजार आपल्या दसऱ्यासारखा केशरी झालेला असतो. मेणबत्त्या, कागदाच्या कातरलेल्या पताका, मीठ, पाण्याचा ग्लास, कारण येणारा लांबून तहानलेला येतो. १ तारीख लहान मुलांची, २ तारीख मोठ्यांची. जाताना घरातल्या गेलेल्या माणसाचा एक छापील फोटो नक्की न्या. आम्हाला हे माहीत नव्हतं. विहीणबाईंनी भावाला सांगून माझ्या बाबांचा फोटो आधीच छापून आणला होता, आपल्या नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवला होता. आईला विचारलं, यांना काय आवडायचं. आई थोडा वेळ गप्प बसली, मग आत गेली, डब्यातून बेसनाचा लाडू आणला आणि आलं घालून चहा केला, साखर दोन चमचे, बाबा घ्यायचे तशी. कप फोटोपुढे ठेवला, झेंडूची एक पाकळी त्याच्या बशीत टाकली. बाहेर दारात आमचा आकाशकंदील आणि त्यांच्या पताका एकत्र हलत होत्या. पितृपक्षात आपण पान वाढून कावळ्याची वाट बघतो ना, हे विहीणबाईंना भावाने समजावलं, तेव्हा त्यांनी विचारलं की मग कावळा आला का यंदा.

निघायच्या दिवशी वजनाची सोय ठेवा, चार-पाच किलो तरी. पाहुणा निघाला की घरचं बांधून देतात, त्याला इताकाते म्हणतात, म्हणजे शिदोरी. नको म्हणू नका, घ्या. आम्हाला तोर्तिया, उसळ, आईसाठी बिनचरबीची वेगळ्या डब्यात खूण करून, आणि कागदात आलेग्रिया. मेक्सिको सिटीच्या एअरपोर्टवर खुर्च्यांवर बसून ते खाल्लं, आणि आलेग्रिया आईने एकादशीला ठेवल्या.